नवरा व्हिडिओ ईईजीसाठी पाच दिवस ॲडमिट होणार आहे. सोबत राहणाऱ्याने नेमकं काय करायचं?

जास्वंद_०७

नवरा, वय ३६. नऊ वर्षांपासून फिट येतात. सध्या लेव्हेटिरासेटाम १००० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि रात्री क्लोबाझाम १०. तरी महिन्यात तीन-चार वेळा होतंच. एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपतो, दीड-दोन मिनिटांनी भानावर येतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात डाग दिसलाय. ऑपरेशनचा विचार करण्याआधी डॉक्टरांनी पाच दिवसांचं व्हिडिओ ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लाटा आणि सोबत व्हिडिओ रेकॉर्ड करायची तपासणी) सांगितलंय, पुण्यातच. सोबत चोवीस तास एक माणूस हवा, असंही म्हणाले.

केसांची, कपड्यांची काय तयारी करायची? फिट आली की मी काय करायचं? घरी मी कुशीवर वळवते आणि थांबते, तिथेही तेवढंच का? गोळ्या कमी करणार आहेत, त्याचीच धास्ती आहे. आणि मेडिक्लेम मिळतो का? धीर देणारे बरेच आहेत, बारकावे सांगणारं कोणी हवंय.

तारांचा_गुंता

ताई, मी ईईजी तंत्रज्ञ. डोक्यापुरतं मी सांगतो, फिटचं सिस्टर मंडळी सांगतील.

आधी तेल. आमचा सगळ्यात जास्त वेळ तेल काढण्यात जातो. तीन दिवस आधीपासून डोक्याला तेल बंद. आदल्या रात्री साध्या शाम्पूने दोनदा डोकं धुवायचं, कंडिशनर किंवा जेल लावायचं नाही, आणि केस पूर्ण वाळवून यायचं. केस बारीक कापले तर बरं, पण टक्कल करायची गरज नाही. उपाशीपोटी आणू नका. एकादशी-चतुर्थी असली तरी त्या आठवड्यात उपास नको, कारण साखर उतरली की मेंदूच्या लाटा मंदावतात.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजतो आणि त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर पेन्सिलने खुणा करतो. त्या जागा घासून साफ करायच्या, तारेच्या टोकाच्या चकतीत पेस्ट भरायची, वर जाळीदार कापडाचा तुकडा आणि त्यावर कोलोडियन, म्हणजे चकती चिकटवणारा द्रव. त्याचा वास उग्र असतो, ईथरसारखा. ज्यांना वासाने मळमळतं त्यांनी आधीच सांगावं. चकत्या २१ ते ३२, वेळ एक ते दीड तास. छातीवर ईसीजीच्या दोन तारा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सगळ्या तारांची मागे वेणी घालून एका डबीत जोडतो, ती डबी पिशवीतून गळ्यात. वरून बँडेजची पगडी.

कपडे पुढून बटणांचे, सुती, पाच-सहा जोड. टी-शर्ट नको. बनियन लोक हमखास विसरतात. पहिल्या दिवशी अंगात राहिलेला बनियन नंतर डोक्यावरून निघत नाही. एकतर पायांतून उतरवायचा, नाहीतर कात्री लावायची.

आता रेकॉर्डिंग खराब कशाने होतं ते सांगतो, कारण हे सोबतच्या माणसाच्या हातात असतं.

चावणं. जबड्याचे स्नायू कानशिलावरच येतात आणि यांना पाहायचा भाग नेमका तोच आहे. जेवण-नाश्ता व्यवस्थित करू दे, पण दिवसभर शेंगदाणे, चिवडा, च्युइंगगम चालू ठेवू नका. दात घासताना उमटणाऱ्या रेघा कधीकधी हुबेहूब फिटसारख्या दिसतात. अशा वेळी नुसतं मोठ्याने म्हणा, "दात घासतोय." माइक चालूच असतो, रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांची दहा मिनिटं वाचतात. डोकं खाजवणं, पाठ थोपटणं यानेही तालबद्ध लाटा येतात. मायेने थोपटता ते ठीक, पण हात धरून बसलात तर आम्हाला जास्त आवडेल.

मोबाइल चार्जिंगला लावलेला असताना पेशंटच्या हातात नको, लाइनची ५० हर्ट्झची भुणभुण सगळ्या चॅनेलवर पसरते. घाम आला की रेघा होडीसारख्या डुलतात, म्हणून एसी चालू असतो. पेशंटला थंडी वाजली तर स्वेटर घालता येत नाही, शाल द्या.

आणि खाज. तिसऱ्या दिवशी प्रचंड सुटते. पेनाचं टोपण पगडीत घालून खाजवलं की चकती हलते. एखादी सुटली तर रात्री दोनलाही बोलवा. "सकाळी सांगू" म्हणून ठेवलं आणि पहाटे फिट आली, नेमकी सुटलेली चकती डाव्या कानशिलावरची, तर त्या फिटचा अर्धा उपयोग गेला.

रात्रपाळी_सिस्टर

घरी तुम्ही करता ते बरोबरच आहे, पण तिथे त्यात चार गोष्टींची भर घालायची आहे. क्रम पाठ करा: बटण, पांघरूण, दिवा, आवाज.

बटण. शंका आली तरी दाबायचं. चुकून दाबलं म्हणून कोणी रागावत नाही. रेकॉर्डिंग अखंड चालूच असतं. बटणाने त्यावर वेळेची खूण पडते आणि आम्ही धावतो. नवऱ्याला स्वतःला आधी चाहूल लागत असेल, पोटातून काही वर सरकल्यासारखं किंवा ओळखीचा विचित्र वास, तर त्यानेही दाबायचं. तेवढंच होऊन थांबलं तरी दाबायचं.

पांघरूण छातीपासून पायापर्यंत एका झटक्यात काढा. दोन्ही हात आणि पाय दिसले पाहिजेत. दिवा लावा. रात्रीचा कॅमेरा अंधारात बघतो खरा, पण चेहऱ्याचा रंग आणि ओठांच्या कोपऱ्याची थरथर उजेडातच कळते. पहिल्याच दिवशी कॅमेरा कुठे आहे ते विचारून तुमची खुर्ची पलंगाच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. नातेवाईक घाबरून पेशंटवर वाकतात आणि फिल्मभर त्यांचीच पाठ दिसते.

आवाज. आम्ही पोहोचेपर्यंतचे वीस-तीस सेकंद तुमचेच असतात. मोठ्याने विचारा:

"तुझं नाव सांग."

"डावा हात वर कर." फक्त तोंडाने. स्वतः हात वर करून दाखवू नका, भान नसलेला माणूसही नक्कल करू शकतो.

किल्ली किंवा पेन समोर धरून, "हे काय आहे?"

"लक्षात ठेव, पिवळा हत्ती."

"बरं वाटतंय का?" विचारून उपयोग नाही. अर्धवट भानावर असलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

डोळ्यांना दिसतंय ते बोलत राहा. "मान उजवीकडे वळली. उजवा हात आखडला. डाव्या हाताने चादर चाचपतोय." तुमची डावी-उजवी नाही, त्याची. एका हाताची ताठर वाकडी अवस्था साधारण विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे बोट दाखवते, म्हणून सर्जनला हे सोन्यासारखं. पण एमआरआयमध्ये डाग डावीकडे आहे म्हणून आधीच मनात ठरवून बघू नका. दिसेल तेच सांगा.

थांबल्यावर लगेच पाणी पाजू नका. नाव विचारा, मग वाचायला एक ओळ द्या. घरूनच जाड अक्षरात मराठी वाक्य लिहिलेला कागद न्या, त्याला येते ती भाषा हवी. बोलायला किती वेळाने आलं तो वेळ महत्त्वाचा असतो. डाव्या टेम्पोरलच्या फिटनंतर पुष्कळदा माणूस भानावर येतो पण शब्द सापडत नाहीत. मग "कोणता प्राणी सांगितला होता?" हत्ती आठवला तर उत्तम, नाही आठवला तरी ती माहितीच. दोन्ही मुठी आवळायला सांगून कुठली ढिली आहे ते बघा. आणि एक गमतीची खूण, फिटनंतर नाक कुठल्या हाताने पुसलं. टेम्पोरल फिटमध्ये तो हात बहुतेक वेळा फिट सुरू झाली त्याच बाजूचा असतो.

तेवढ्यात तो उठून चालू लागला किंवा तारा ओढू लागला, तर दंड धरून दाबून ठेवू नका. त्या अवस्थेत धरलं की माणूस झटापट करतो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. पलंगाच्या कडेला उभं राहून हळू आवाजात नाव घेत राहा.

फिट पूर्ण अंगात पसरली तर कुशीवर, तोंडात चमचा-कापड काही नाही, हात-पाय धरायचे नाहीत. बाकी आमच्यावर सोडा. हाताला सलाइनची सुई याच कामासाठी लावून ठेवलेली असते. फिट पाच मिनिटांवर गेली तर ती आणीबाणीच, म्हणून त्याच्या आधीच औषध भरून तयार असतं.

पडणं मात्र सगळ्यात जास्त बाथरूममध्ये होतं. आतून कडी नाही, उभ्याने अंघोळ नाही (डोक्यावरून तर नाहीच, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं), आणि जाताना प्रत्येक वेळी सिस्टरला किंवा मावशींना हाक. "दोनच पावलं तर आहेत" म्हणून गेलेलेच पडतात. पलंगाचे कठडे तुम्ही शेजारी बसलेल्या असतानाही वर.

कोकणकडा

एक सुचवतो. दोन दिवस आधी घरीच गोळ्या बंद केल्या तर गेल्या-गेल्या फिट येते आणि तीन दिवसांत सुट्टी. खोलीचं भाडं वाचतं.

रात्रपाळी_सिस्टर

कोकणकडा, हा सल्ला कृपा करून कोणीही घेऊ नये. यांच्या गोळ्यांत क्लोबाझाम आहे. क्लोबाझाम, गार्डिनल यांसारख्या गोळ्या झटक्यात सोडल्या की नेहमीची छोटी फिट न येता एकामागून एक मोठ्या फिट येऊ शकतात. पुणे-मुंबई रस्त्यावर गाडीत तसं झालं तर करणार काय?

दुसरं असं की पहिले चोवीस तास गोळ्या चालू असतानाचं रेकॉर्डिंगही हवं असतं. मग डॉक्टर एकेक औषध उतरवतात. लेव्हेटिरासेटाम शरीरातून दीड-दोन दिवसांत जातं, क्लोबाझामचा अंश मात्र कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून आधी काय कमी करायचं, काय तसंच ठेवायचं, हा हिशेब माणसागणिक वेगळा. औषध फार वेगाने काढून आलेली मोठी फिट कधीकधी त्याच्या नेहमीच्या जागेहून वेगळीकडूनही सुरू होते, आणि मग त्यावर सर्जनला विश्वास ठेवता येत नाही. पैसे वाचवायला गेलं आणि तपासणीच वाया.

ताई, घरून सगळ्या गोळ्यांच्या मूळ स्ट्रिप्स न्या, डबीत ओतलेल्या नको. कंपनी आणि मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. वॉर्डात तुमच्याकडच्या गोळ्या तुम्ही हातानं द्यायच्या नाहीत, सिस्टर देतील तीच.

क्लेमचा_कागद

मेडिक्लेमवर. पॉलिसीत "तपासणी व मूल्यमापन" नावाचं एक ठरावीक वगळलेलं कलम असतं, कोड एक्स्क्ल ०४. त्यामुळे फक्त निदानासाठीचं ॲडमिशन विम्यात बसत नाही. व्हिडिओ ईईजीचे दावे बहुतेक याच कलमावर अडकतात, कारण कागदावर नुसतं "व्हीईईजी करण्यासाठी दाखल" एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडून सविस्तर पत्र घ्या. त्यात हे हवं: दोन किंवा जास्त औषधं वापरूनही फिट आटोक्यात नाहीत, त्या औषधांची नावं आणि डोस, फिट महिन्याला किती, औषधं देखरेखीखाली उतरवायची असल्याने आणि त्यात मोठ्या फिटचा धोका असल्याने घरून किंवा ओपीडीत हे शक्य नाही, आणि निकालावर पुढचे उपचार ठरणार आहेत. हे सगळं खरंच असतं, फक्त लिहिलेलं नसतं. पूर्वपरवानगीचा अर्ज हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचं काम बघणारा कक्ष) तीन-चार दिवस आधी द्या.

पॉलिसी वैयक्तिक असेल तर कायमस्वरूपी वगळलेल्या आजारांत अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, लिहिलाय का ते पाहा. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून अटींची प्रत मागा, तिथे बऱ्याचदा सवलत असते. रूम भाड्याची मर्यादाही तपासा. मर्यादेवरची खोली घेतली की इतर बिलंही त्याच प्रमाणात कापली जातात. आणि महात्मा फुले योजनेत काही बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही.

जास्वंद_०७

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलंय. अजून तीन शंका. पाच दिवसांत फिट आलीच नाही तर? दुसरं, तो कॅमेऱ्याला फार लाजतोय. तिसरं, सासूबाई भेटायला येणार, आणि फिट आली की कांदा हुंगवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. शिवाय "कुणाला सांगू नका" हे आहेच.

रात्रपाळी_सिस्टर

फिट यावी म्हणून जागरण करवतात. रात्री बारा-एकपर्यंत जागं ठेवायचं, चारला उठवायचं, दिवसा डुलकी नाही. शिवाय तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात आणि डोळ्यांसमोर लुकलुकता दिवा. जागरणाच्या रात्रींसाठी दोन माणसांची पाळी लावाच. पत्त्यांचा कॅट घेऊन जा. सोबतचाच माणूस पेंगला की पेशंटही झोपतो, आणि फिट आली तर बटण दाबणारं कोणी नाही. तरीही नाहीच आली तर मुक्काम वाढवतात किंवा पुन्हा बोलावतात, पण फिट नसतानाही झोपेत उमटणाऱ्या टोकदार लाटांवरूनही बरंच कळतं.

कधी निघतं की झटके मेंदूतल्या विजेमुळे नाहीतच, मानसिक ताणातून येतात. तसा निकाल आला तर "नाटक करत होता" असं मनात आणू नका. ते झटके खरे असतात, जाणूनबुजून केलेले नसतात. उपचार वेगळे, एवढंच.

कॅमेरा बाथरूममध्ये नसतो. कपडे बदलायच्या आधी सिस्टरला सांगितलं तर पडदा ओढायला परवानगी मिळते. पण आवाजही चोवीस तास रेकॉर्ड होतो, हे दोघांनी लक्षात ठेवा. घरातले हिशेब आणि सासरचे विषय पाच दिवस बाजूला ठेवा, सकाळी कुणीतरी ते ऐकणार असतं.

कांद्याचं: सासूबाईंना काम द्या. कांदा, चप्पल, हातात किल्ली, यातल्या कशानेही फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. फिट आल्यावर त्यांनी घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगायची. "सुरू झाली, अर्धं मिनिट, एक मिनिट." माणूस गुंतला की कांदा आपोआप राहतो. घड्याळ मात्र भिंतीवरचं नको, स्क्रीनवरच्या वेळेशी जुळवलेलं हवं.

क्लेमचा_कागद

"कुणाला सांगू नका" यावर एक आडवी माहिती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाला अडथळा म्हणून वेडेपणाच्या जोडीला अपस्मारही बसवला होता. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेला, घराघरांतून अजून जायचाय. लपवायचंच असेल तर शेजाऱ्यांपासून लपवा, विमा कंपनीपासून नाही. प्रस्तावात लपवलेला आजार पुढे सगळेच दावे बुडवू शकतो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्म १ मध्येही फिटचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो.

उंबरठा

घरी आल्यावरच्या आठवड्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

डिस्चार्ज कार्डावर "पूर्वीप्रमाणे औषधे चालू" एवढंच असेल तर तिथेच थांबा. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, आज रात्रीपासून पूर्ण डोस की चढवत न्यायचा, हे तारखांसकट लिहून घ्या. औषध पुन्हा पूर्ण भरेपर्यंत फिटचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. दोन-तीन दिवस त्याने गॅससमोर, गच्चीत किंवा विहिरीवर एकट्याने जाऊ नये. घरी वापरायला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे देणार असतील तर किती फवारे, कोणत्या नाकपुडीत, किती मिनिटांच्या फिटला, हे करून दाखवायला सांगा.

पाठ किंवा खांदा दुखत असेल तर "झोपेत अवघडलं असेल" म्हणू नका. मोठ्या फिटच्या जोराने मणक्याला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं, खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. एक्स-रे काढून घ्या.

आणि हे खास लक्षात ठेवा. एका मागोमाग बऱ्याच फिट आल्या असतील तर माणूस एक-दोन दिवस अगदी ठणठणीत वाटतो आणि मग अचानक झोप उडते, बडबड वाढते, संशय घेतो, देवाधर्माचं काहीतरी भलतंच बोलतो. हे आठवडाभरात कधीही होऊ शकतं. बाहेरची बाधा वगैरे काही नाही, फिटनंतरचा मेंदूचा गोंधळ आहे, आणि औषधाने उतरतो. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला फोन करायचा. वाद घालायचा नाही, एकटं सोडायचं नाही.

जास्वंद_०७

हे कुणीच सांगितलं नव्हतं. उंबरठा, आभार. शेवटचं विचारते, तो चिकट कोलोडियन निघतो कसा? ॲसिटोन घरून न्यायचं का?

तारांचा_गुंता

नको, आमच्याकडे असतं. कापसाने भिजवून चकत्या आम्हीच काढतो, डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून. खोलीत तेव्हा खिडकी उघडी हवी, आणि देवासमोर निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली नको. कपाळावर लाल ठसे राहतात, दोन-तीन दिवसांत जातात. फोड किंवा पाणी सुटलेलं दिसलं तर दाखवा. केसांत पांढरे कण उरतील, ते नखांनी ओरबाडू नका. घरी गेल्यावर खोबरेल तेल चोपडून तासभर ठेवा, मग मोठ्या दातांच्या फणीने विंचरा आणि कोमट पाण्याने धुवा. तेव्हा तेल पाहिजे तेवढं लावा.